झोळीचा दोर आणि माझी झोप

आधीच सांगून ठेवतो — भूत, छाया, बाहेरची बाधा, यातलं काही मी मानत नाही. शाळा माझी चौथीतच सुटली, पण तेवढी अक्कल आहे. लोक ज्या चिंचेखालून जायला घाबरायचे, तिथे मी बैल बांधायचो. नात हे मोबाईलवर टाइप करतेय. तिला ताकीद दिली आहे की पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

आमचं शेत बऱ्हाणपूरहून शाहपूरकडे जाताना, रस्त्यापासून आत, तापीच्या अंगाला. केळी. वडिलांपासून केळीच.

मागच्या उन्हाळ्यात माझी झोप गेली. म्हणजे गेलीच... अंग थकायचं, डोळे जड व्हायचे, पण झोप काही उंबरा ओलांडून आत येईना. म्हातारीने काशाच्या वाटीने तळपाय घासले. जायफळ घालून दूध दिलं. खसखशीची खीर झाली. नातीने मोबाईलवर पावसाचा आवाज लावून उशाशी ठेवला.

"आबा, आँखें बंद करो और बस सुनो."

ऐकत होतो. पण सारखं वाटत राहिलं की गच्चीवर वाळत घातलेली मिरची भिजतेय. शेवटी उठून बघून आलो.

मुलगा संजू म्हणाला, "डॉक्टरकडे चला. एक गोळी घेतली की काम खतम."

"झोप काय ताप आहे का, गोळीने उतरवायला?"

"मग बसा जागे."

बसलो. हटायचं माझ्या रक्तात नाही.

आता केळीचं असं असतं — झाडाच्या बुडाशी पिलं फुटतात. त्यातलं एक जोमदार बघून पुढच्या पिकासाठी राखायचं, बाकीची विळ्याने कापून टाकायची. हे काम मी गप्पा मारता मारता करायचो. नवरात्र झाल्यावर एका सकाळी मी अख्खी ओळ कापत गेलो... आणि राखायची तीच पिलं कापली, मरतुकडी तेवढी ठेवली. मला कळलंसुद्धा नाही. संजू मागून आला आणि उभाच राहिला.

"आबा, हे तुम्ही कापलं?"

मी वाकून कापलेलं एक पिलू उचलून बघितलं.

त्याने माझ्या हातातला विळा काढून घेतला. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. पण तो हळूच म्हणाला, "झोप लागायला लागेपर्यंत शेतात कशाला हात लावू नका."

ज्या मातीत दात आले आणि पडले, तिथे मी आता पाहुणा! तरी रोज जायचो, बांधावरच्या कडुनिंबाखाली बसायचो. हात रिकामे. मनात एकच — झोप परत आली नाही तर शेतही परत येत नाही.

निंदायला नेपानगरच्या मागच्या डोंगरातल्या बाया यायच्या. त्यात गेंदा म्हणून एक होती, अंगावर पिणारी पोर घेऊन यायची. निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची, झोळीला लांब दोर, आणि दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून निंदत बसायची. पोर कुरकुरली की पाय हलवायचा. पण त्या दिवशी ओळ लांब गेली, दोर पुरेना. तर ती सरळ माझ्याकडे आली.

"बाबा, खाली बैठे हो ना? जरा डोरी खींचते रहो."

मी शेताचा मालक! "तुला दुसरं कोणी दिसलं नाही?"

"दिखा तो सही. पर सबके हाथ में काम है."

लागलं मला ते. पण दोर घेतला.

ओढायचं, सोडायचं... ओढायचं, सोडायचं. दुपार अशी की केळीचं पान हलत नव्हतं. सगळीकडे हिरवा उजेड, पाण्यातून बघावा तसा. ठिबकचं पाणी कुठेतरी थेंब थेंब पडत होतं. दूर असीरगढचा डोंगर निळा, तोही जरासा हलतोय असं वाटायला लागलं. मग कधीतरी दोर मी ओढत नव्हतो... मला कोणी ओढत होतं. मी झोळीत होतो. अंगाभोवती मऊ कापड, त्यातून गाळून आलेलं ऊन, आणि पलीकडे कोणीतरी, घाई नसलेलं. प्रत्येक हिसक्याला बेंबीपाशी थोडं हलकं व्हायचं. त्या माणसाचं तोंड बघावं असं वाटलंच नाही. आहे ना कोणी, बस.

"बाबा! ओ बाबा!"

डोळे उघडले तर ऊन कलतं झालेलं. गेंदा समोर हसत उभी. "आज तो बड़ी सेवा करी आपने. मैं उधर से देखती रही, झोली एक बार भी नहीं रुकी."

मी खाली बघितलं. दोर माझ्या मांडीवर. त्याचं दुसरं टोक झोळीपासून सुटून मातीत पडलेलं. आणि त्या दोरावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मुंग्यांची शिस्तीत रांग चाललेली. हलणाऱ्या दोरावर मुंग्या अशी वाट धरत नाहीत हो!

आणि झोळी हलत होती. चांगली लांब, संथ झोके घेत. आत पोर गाढ.

गेंदाचं हसू थांबलं. मी उठायला लागलो तर तिने हाताने अडवलं. दोघं बघत राहिलो. झोके हळूहळू लहान झाले, कोणी दमून हात काढून घ्यावा तसे, आणि थांबले.

मला वाटलं, पोर उचलून पळेल. तिने दोन्ही हात जोडले, पोरीला घेतलं आणि म्हणाली, "कल भी यहीं बाँधूँगी."

मी हट्टी माणूस. दुसऱ्या दिवशी झोळीत पोरीच्या वजनाचा धोंडा ठेवून झोका दिला. थोडं हलली, थांबली. फांदी तपासली, वारा तपासला. काही नाही. पण आदल्या रात्री मी जेवून पडलो तो म्हातारीने चहा घेऊन हलवलं तेव्हा उठलो होतो. त्यानंतर रोज तसंच. पंधरवड्याने संजूने विळा आणून दिला.

"कोणती गोळी घेतली शेवटी?"

"तुझ्या बापाला गोळी लागत नाही."

आजवर त्याला एवढंच माहीत होतं. आता वाचेल.

शिकलेले लोक म्हणतील, झोपेत तुमचाच हात चालला असेल. चालला असेल, पण झोळीला तर दोरच नव्हता! मग कोण होतं? खरंच माहीत नाही. मध्ये एकदा हट्टाने ठरवलं, आज याचा छडा लावायचाच. रात्रभर छताकडे बघत विचार केला... पहाटे कोंबडं आरवलं तरी डोळ्याला डोळा नाही. तेव्हापासून ते विचारणं सोडून दिलं आहे. ज्याला कळलं असेल त्याने स्वतःजवळ ठेवावं, मला सांगू नये.