तीनवर थांबलेला काटा

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जाणारा माणूस. जे मोजता येतं तेवढंच मी मानतो. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं तसंच सांगतो.

आम्ही मालेगावला राहतो — वाशिम जिल्ह्यातल्या. आमची जुनी पेट्रोल कार या उन्हाळ्यात चढावर दम सोडू लागली. आधी झटके, मग बंद. मिस्त्रींनी पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज जोडलं. या गाडीला तीन बार प्रेशर लागतं. काटा अडीचवर होता आणि रेस केली की दीडवर यायचा. फिल्टर बदलला, फरक नाही. टाकीतून पेट्रोल पुढे ढकलणाऱ्या पंपाच्या प्लगला करंट पूर्ण. मग त्यांनी टाकीकडे परतणारा पाइप चिमट्यात दाबून धरला. असं केलं की प्रेशर चढतं. तरीही काटा तीनला शिवला नाही.

"पंप थकला, साहेब," असं म्हणत त्यांनी मागची सीट उचलली आणि खालच्या टाकीवर पान्याने ठोकलं. ठोकलं की असा पंप थोडा वेळ चालतो.

माझे वडील शेजारीच उभे होते. "ठोकता कायले? थापटा नं."

"बाबा, गाडी हाये ते, बैल नाही!" मिस्त्री म्हणाले.

"म्हणूनच त रस्त्यात सोडते. बैल असता त घरी आला असता."

सीट परत बसवल्यावर बाबा स्वतः तिच्यावर तळहाताने थापटत बसले. आम्ही सगळे हसलो.

नवा पंप अकोल्याहून यायचा होता. तोवर चालत्या गाडीत प्रेशर दिसावं म्हणून मिस्त्रींनी गेज लांब नळीने समोरच्या काचेवर, बाहेरून, टेपने चिकटवून ठेवलं.

दुसऱ्याच दुपारी बाबांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मी गाडी काढली. बायको मंदा मागे बसली, बाबांचं डोकं मांडीवर घेऊन.

वाशिमच्या निम्म्या रस्त्यात काटा घसरला — दीड, एक, शून्य. गाडी बंद. चावी फिरवली की मागून पंपाची घुरघुर यायची, तीही नाही. एक जीपवाला थांबला. "बाबाले माह्या गाडीत घ्या नं. काहून टाइम घालवून राह्यले?"

मी दार उघडलं, तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला. थप... थप... थप. सावकाश. काटा हलला आणि सरळ तीनवर गेला. चावी फिरवली, इंजिन सुरू.

"जा भाऊ तुमी, चालू झाली," मी म्हणालो. जीप निघून गेली.

पुढे चढ लागला, मी पूर्ण रेस केली, तरी काटा तीनवरून हलला नाही. मागे थापटणं चालूच. बाबा शुद्धीवर आहेत, या विचाराने मला धीर आला. "थापटत राहा बाबा, पोचलोच."

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "यांना जाऊन बराच वेळ झालाय."

मी भांडलोच. "अहो, आत्ता दवाखान्याच्या फाटकापर्यंत थापटून राह्यले होते ते!"

मंदा माझ्याकडे बघत राहिली. "काय बोलता तुमी? गाडी बंद पडली तवापासून मामाजींचे दोन्ही हात माह्या हातात होते. मले वाटलं, डोळा लागला त्यायचा."

"मग आवाज?"

"मले वाटलं, गाडीचा."

नंतर मिस्त्रींनी पंप बाहेर काढला. मोटर जाम झालेली. थेट बॅटरीला जोडूनही फिरेना. दवाखान्याच्या फाटकाशी जळाला असेल, असंही मी धरून पाहिलं. पण पाइप दाबूनही जो तीनला पोचत नव्हता, त्याने चढावर तीन दिलं कसं? मिस्त्री एवढंच म्हणाले, "मले नका विचारू, साहेब."

पण त्या काट्याहून दुसरीच गोष्ट मला जास्त छळते. जीप थांबली तेव्हा बाबा होते की गेले होते, हे मंदालाही सांगता येत नाही. असतील, तर चालती जीप दारात उभी असताना मीच तिला जायला सांगितलं... कारण काटा तीनवर होता.