सहा कॉलम, तीन पट्ट्या आणि गरम पोळी

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं बराच वेळ हसत होतात. आजीला मेटा टॅग म्हणजे काय ते माहीत आहे, यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. फोनवर सांगायला गेले असते, पण तुम्ही मधेच उठून जाता. म्हणून लिहून कळवते आहे. समास सोडलेला आहे, शंका तिथे लिहाव्यात.

चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मी एका परीक्षेत नापास झाले. परीक्षा फक्त दीडशे अक्षरांची होती आणि पेपर तपासणारी माझीच विद्यार्थिनी होती.

आधी घराबद्दल सांगते. लातूरचं आपलं घर तुमच्या आजोबांनी किल्लारीच्या भूकंपानंतर बांधलं. त्या काळात लातुरात कुणी घर बांधायला काढलं की लोक विचारायचे, सळई किती टाकली? आजोबा पाटबंधारे खात्यात होते, त्यांना तर विचारायलाच नको. ते बांधकामावर उभ्याने चहा घेत आणि सळया मोजत. गवंडी त्यांना लांबून पाहूनच आकडा सांगायचा. सहा कॉलम आणि तीन पट्ट्या: एक जोत्याला, एक दारांच्या वर, एक छताखाली. पाहुणा आला की आजोबा आधी त्याला कॉलम दाखवत आणि मग पाणी देत.

आजोबा गेल्यावर घरात दोघीच उरलो, मी आणि तुमची धाकटी आजी. ती माझी धाकटी जाऊ, उदगीरकडची, म्हणून मला अक्का म्हणते. तिचा मुलगा, म्हणजे तुमचा नांदेडचा काका, तिला नांदेडला फ्लॅटवर घेऊन जायचं म्हणत होता. काका चांगला, काकू चांगली, फ्लॅटही चांगला. पण तिथलं स्वयंपाकघर काकूचं. जाऊबाईला माणसांना जेवू घातल्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. "चौथ्या मजल्यावर मी कुणाला वाढू, अक्का," ती म्हणायची, "कबुतरांना?"

तोवर आमच्या गल्लीत क्लासेस आले होते. सकाळी गच्चीवर वाळवण घालताना समोरच्या इमारतीतून फिजिक्स ऐकू यायचं. भोकरपासून निलंग्यापर्यंतच्या मुली मेडिकलच्या तयारीला येत होत्या आणि ज्याच्या घरात जास्तीची खोली, त्याने मेस आणि रूमचा बोर्ड लावलेला. आमच्या वरच्या मजल्यावर पाच खोल्या रिकाम्या होत्या. आम्हीही बोर्ड लावला. पण बाकीच्यांच्या वेबसाइट होत्या आणि आमचा पत्रा, त्यावर बोगनवेल आलेली. काकाने निकाल दिला: "जूनच्या दुसऱ्या रविवारी गाडी घेऊन येतो. रूम भरल्या तर आई राहील. नाही भरल्या तर येईल. ठीक?"

ठीक, असं आम्ही दोघी एकदम म्हणालो आणि दोघींनाही ते ठीक वाटलं नव्हतं.

मागच्या गल्लीतल्या टेलरची मुलगी माझी विद्यार्थिनी. लग्नानंतर सासरच्या कापड दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर मांडून ती लोकांच्या वेबसाइट बनवायची. तिने दोन दिवसांत आमचीही बनवली. मग वही घेऊन आली आणि जुन्या सवयीने माझ्यासमोर उभी राहिली. बस म्हटल्यावर बसली.

"मॅडम, लोक सर्च करतात तेव्हा आधी तुमचं घर दिसत नाही," ती म्हणाली. "आधी एक ठळक ओळ दिसते, तिला टायटल म्हणायचं. तिच्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी. लोक तेवढंच वाचून ठरवतात, दाबायचं का पुढं जायचं. या ओळींना मेटा टॅग म्हणतात, त्या तुम्ही लिहून द्या. टायटल साठ अक्षरांत, खालचं दीडशेत. वेबसाइटच्या पानावर त्या दिसत नाहीत, पानाच्या मागं असतात."

"म्हणजे भिंतीतल्या सळईसारख्या," मी म्हणाले.

"हाव मॅडम, तसंच समजा."

तिथेच माझा घात झाला. सळईचा विषय निघाल्यावर मला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. सारांशलेखन मी पोरांना जन्मभर शिकवलं होतं. दहा मिनिटांत लिहून दिलं. टायटल: "लातूर येथील भूकंपरोधक घर, सहा कॉलम, तीन पट्ट्या". खाली: "जोते, दार व छत या तिन्ही पातळ्यांवर लोखंडी सळईच्या पट्ट्या. उत्तम सिमेंट. बांधकामावर घरमालकाची जातीने देखरेख. मुलींसाठी खोल्या उपलब्ध."

तिने वाचलं. तिचा चेहरा जरा हलला. पण आपल्या बाईंची चूक कोण काढणार? "हाव मॅडम," म्हणाली आणि गेली.

पंधरा दिवसांत लोक यायला लागले. पहिला फोन अर्धापूरच्या एका केळीवाल्याचा, सळई कुठल्या दुकानातून घेतली विचारत होता. मग इंजिनिअरिंग कॉलेजचे दोन प्राध्यापक आले. त्यांना भिंतीवर एक यंत्र लावून आत लोखंड आहे का बघायचं होतं. लोखंड निघालं. त्यांना आनंद झाला, जाऊबाईने पोहे केले. मग भोकरचे एक गृहस्थ गवंड्याला जीपमध्ये घालून घेऊन आले. गवंड्याने चप्पल काढली, जिन्याजवळच्या कॉलमला मिठी मारली आणि म्हणाला, "मालक, एवढा जाड करायचा असंल तर मला न्हाई परवडत." दोघं जेवून गेले.

जाऊबाई ताटं उचलता उचलता म्हणाली, "अक्का, जेवणारी माणसं लई येऊन राहिलीत. राहणारी एक न्हाई."

त्याच दुपारी तिने लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधायला घेतली. मी म्हटलं, अजून तीन आठवडे आहेत. ती म्हणाली, "नीट बांधायला येळ लागतो." बारा बरण्या होत्या. मी एकही बांधू लागले नाही, आणि तिनेही मला बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेलरच्या मुलीकडे गेले, तिच्या माडीवर. तिने कॉम्प्युटरवर एक यादी काढून दाखवली, लोक काय सर्च करून आमच्या पानावर आले त्याची. "कॉलममध्ये सळई किती टाकावी." "भूकंपात न पडणारे घर कसे बांधावे." "जोत्याची पट्टी." मुली, मेस, रूम, यातलं काहीही नाही.

"मी लिहिलेलं एकही अक्षर खोटं नाही," मी म्हणाले.

ती खाली बघत होती. मग टेबलाच्या खणातून तिची नववीची इंग्रजीची वही काढली. जपून ठेवली होती बिचारीने. पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. लाल शाईत माझंच अक्षर: "उत्तर बरोबर आहे, पण प्रश्न वेगळा होता. शून्य."

"तेव्हा मी लई रडले होते, मॅडम," ती म्हणाली.

मी वही मिटून परत दिली. शून्य बरोबरच होतं. दोन्ही वेळचं.

आता प्रश्न काय आहे ते शोधायचं होतं. क्लासच्या प्रवेशाच्या दिवशी आम्ही दोघी समोरच्या गेटपाशी जाऊन बसलो. जाऊबाईकडे थर्मास आणि चिवड्याचा डबा, माझ्याकडे पॅड आणि पेन. रांगेत मुली आणि त्यांच्या आया होत्या. मी सुपरवायझरसारखी पॅड घेऊन गेले की बायका गप्प व्हायच्या. जाऊबाईने चहा पुढे केला की बोलायच्या. म्हणून ती बोलायची आणि मी तिच्या मागे उभी राहून लिहायचे.

"पोळी गरम भेटते का हो? नाही तर पहिल्या मेसात सकाळची पोळी रात्री देत होते."

"क्लास सुटल्यावर पोरगी चालत जाईल का?"

"मोबाईल काढून घेणारं कुणी हाय का? माझ्याच्यानं तर न्हाई होत."

"पाणी कधी येतं?"

"आठ दिवसाला," जाऊबाई म्हणाली. "पण टाकी विहिरीएवढी हाय."

नांदेडची एक बाई चहा संपवून हळू विचारत होती, "ताप आला तर कोण बघतं? तिला तापात नुसता भात लागतो." हा प्रश्न मला चौघींकडून मिळाला. मी त्याच्यापुढे चार खुणा केल्या.

शेवटी मला राहवलं नाही. मी त्या नांदेडच्या बाईंना विचारलं, "आणि भूकंपाबद्दल काही विचारायचं आहे?"

त्यांनी मुलीचा हात धरला. "का हो? येऊन राहिलाय का?"

जाऊबाईने मला कोपराने मागे सारलं आणि त्यांना आणखी चिवडा दिला.

नवीन ओळी लिहायला तीन दिवस लागले. मी "शिस्तबद्ध वातावरण" घालत होते. जाऊबाई म्हणाली, तसं तर जेलवाले पण म्हणत असतील. मी "सात्त्विक आहार" म्हटलं. टेलरची मुलगी म्हणाली, "मॅडम, कोणती आई असं टाइप करते?" आणि तिने ते खोडलं. लाल शाईने. अखेर टायटल झालं: "लातूर मुलींसाठी रूम आणि घरची मेस, क्लासच्या समोर". खाली: "दोन्ही वेळा गरम पोळी. ताप आला तर घरच्या आजी बघतात, मऊ भात देतात. रात्री मोबाईल जमा. टाकी मोठी, पाणी कमी पडत नाही." आजोबांचे कॉलम मी स्वतः खोडले. टेलरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि जिन्याच्या फोटोमागच्या मजकुरात, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही, "भूकंपरोधक जिना, मजबूत कॉलम" असं लिहून टाकलं.

फोन यायला लागले, पण फोन म्हणजे मुली नव्हेत. जाऊबाईने बरण्यांची फडकी सोडली नाहीत.

जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी काका गाडी घेऊन आला. त्याच वेळी दारात दोन रिक्षा आणि एक जीप उभी राहिली. नांदेडची बाई पहिली उतरली. मागून मुली, गाद्या, बादल्या, टेबलपंखे. जाऊबाई स्वयंपाकघरात तव्यासमोर होती, तिला बाहेर यायलाही सवड नव्हती. काका अंगणात आईची पिशवी शोधत उभा होता. नांदेडच्या बाईंनी त्याला हाक मारली.

"दादा, तुम्ही इथलेच का? एवढी गादी वर नेता?"

तो नाही म्हणायला शिकलेला नाही, ते तुम्हाला माहीत आहे. दुपारपर्यंत त्याने नऊ गाद्या आणि सहा ट्रंका वर नेल्या. दहावी मुलगी संध्याकाळी येणार होती. मधे एकदा जाऊबाईने खिडकीतून ओरडून सांगितलं की पोळी गरम आहे, आधी जेवून घे. त्याने आल्याआल्या गाडीत ठेवलेली एकमेव बरणी परत आणून फडताळावर ठेवली.

शेवटची ट्रंक नेताना जिन्याच्या वळणावर त्याचं कोपर कॉलमवर आपटलं. तो तिथेच पायरीवर बसला, कोपर चोळत, घामाघूम. "काकू," तो म्हणाला, "हा कॉलम कशाला एवढा जाड केलाय?"

मी त्याला पाणी दिलं. मग त्याच्या शेजारच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं, जोत्यापासून. या वेळी प्रश्न विचारला गेला होता.