राहिलेली बिदाई

सौंसरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे चिंधूकाका चौऱ्याऐंशी साली कोणाला न सांगता नागपूरच्या मोठ्या बँडात पळाले. दिवसही असा निवडला, की त्याच दिवशी आमचे बँडमालक नत्थूजी यांच्या वंदनाचं लग्न होतं. बिदाईची धून एकट्या काकांनाच यायची. गावभरच्या पोरींना रडवणाऱ्या मालकाची स्वतःची पोर मुक्यानं सासरी गेली.

तीन वर्षांनी काका तोंडाला दुपट्टा गुंडाळून परतले. आम्हाला वाटलं, लाजेनं.

"ठेवून घेता का जी, मालक?"

"तुझा कोट खुंटीलाच आहे," नत्थूजी म्हणाले. "पण पहिले वंदनाची बिदाई वाजव. दिवाळीसाठी आली होती, उद्या परत सासरी जाऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या बसपाशी बँडचा कोट घातलेल्या काकांनी दुपट्टा सोडला. समोरचे दात नागपुरातच राहिले होते. त्यांनी फुंकलं, नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकलं. कंडक्टर हसला. मीही हसलो.

"राहू द्या ना काका, पोचलं मले," वंदना खिडकीतून म्हणाली आणि रडायला लागली.

बस गेली. नत्थूजींनी काकांच्या हातून क्लॅरिनेट काढून घेतलं आणि बँडात ताल धरायला खुळखुळा दिला. कोट मात्र अंगावर राहू दिला.