चाचा व्हिएतनामला गेले तेव्हा

“लाजायचं काय त्यात?” असं म्हणून चाचा समोरच्याच्या पाठीवर अशी थाप मारायचे, की लाज राहायची बाजूला, पाठच चोळत बसावं लागायचं.

दुबईत अल कुसैसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते आणखी तिघांबरोबर राहायचे. गाव दाभोळच्या खाडीकाठचं, नोकरी रास अल खोरला स्पेअर पार्ट्सच्या गोदामात. वय पन्नाशीचं, पण सगळी बिल्डिंग त्यांना चाचाच म्हणायची. परदेशात असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याला प्रत्येकाच्या घरातलं ठाऊक असतं आणि त्याच्या घरातलं विचारायचं कुणाला सुचत नाही.

गावाहून आले की सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी घेऊन ते भरल्या लिफ्टमध्ये शिरायचे. लोक नाकाला रुमाल लावायचे. “सोडे आहेत. लाजायचं काय त्यात?” त्यातली एक पुडी आमच्या शाकाहारी घरात यायचीच. मी ती बायकोला न सांगता मित्राकडे नेऊन शिजवायचो.

माझं मॅनेजरपद हुकलं, तेव्हा मी आधीच सगळीकडे सांगून बसलो होतो. तोंड चुकवायला म्हणून आठवडाभर जिन्यानं चढलो. चाचांनी मला जिन्यातच गाठलं. “हबीबी, नोकरी आहे ना? खलास! मग लाजायचं काय त्यात?” त्या संध्याकाळी मी लिफ्टनं खाली गेलो.

हेच चाचा एक दिवस पाठीला सॅक लावून निघाले. “कंपनीनं मोठी सुट्टी दिलीय, भाऊ. व्हिएतनाम बघून येतो. स्कूटर भाड्यानं घ्यायची, नदी आली की बोटीत चढवायची. यल्ला!”

बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो येऊ लागले. चिखलाने माखलेली स्कूटर, होडीत मांडी घालून जेवणारे चाचा. माझी मुलगी म्हणाली, “बाबा, ही इज सो कूल! व्हाय डोन्ट वी गो?” मला खरोखर हेवा वाटला. “मजा आहे बुवा तुमची,” मी ग्रुपवर लिहिलं.

मग एका दुपारी त्यांच्या बायकोचा गावाहून फोन आला. अडीअडचणीला म्हणून चाचांनीच तिला माझा नंबर दिला होता. “भाऊ, खरं सांगा. हे इकडे मुलखात येऊन राहिलेत का?”

झालं होतं असं, की घरी चाचांनी प्रवासाबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. घरच्यांच्या हिशेबी ते दुबईत कामावर होते. ग्रुपमधल्या शेजारगावच्या एकानं त्यांचा फोटो गावी पाठवला. नारळांची रांग, पाणी, बोटीवर उभी स्कूटर, चाचा आणि बाजूला शहाळं सोलणारी एक पाठमोरी बाई. गावानं निकाल देऊन टाकला, ही आपली दाभोळची फेरीबोट आणि ही चाचांची दुसरी बायको.

मला हसू आवरेना. “भाभी, तो व्हिएतनाम आहे.”

“तिकडं नारळ असतात होय? तुम्ही त्यांचेच दोस्त,” ती म्हणाली आणि रडू लागली. मग मला हसवेना.

मी चाचांना सगळं कळवलं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे बोटीचं इंजिन धडधडत होतं.

“भाऊ, नोकरी गेली. गोदाम बंद केलं, व्हिसा कॅन्सल. दुसरीकडे बोलणं चाललंय, व्हिसा येईल इन्शाल्ला. तोपर्यंत घरी कुठल्या तोंडानं जाऊ? धाकटीचं लग्न ‘बाप दुबईत’ म्हणून ठरलंय. इथं अगदी आपल्यासारखं आहे. नारळ आहेत, खाडी आहे आणि ओळखीचं कुणी नाही.” आणि शेवटी, “तिला दुसरी बायको वाटतेय ना? वाटू दे. पण नोकरी गेली म्हणून सांगू नका.”

‘मजा आहे बुवा’ हे माझे शब्द आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी मी भाभीला खरं सांगितलं. तिचं रडणं मला ऐकवत नव्हतं. ती म्हणाली, “एवढंच?” आणि फोन ठेवताना, “मला कळलंय हे त्यांना सांगू नका, भाऊ. त्यांची मान खाली जाईल.”

तो व्हिसा काही आला नाही. चाचा लग्नासाठी म्हणून परस्पर गावी गेले आणि ग्रुपमधूनही बाहेर पडले. सुट्टीत मी त्या लग्नाला गेलो. त्यांनी मिठी मारली, पाठीवर थाप मात्र मारली नाही.

जेवताना मुलाकडच्या एका वडीलधाऱ्यानं विचारलं, “मग, परत दुबईला कधी?”

चाचा पाण्याचा पेला हातात धरून राहिले. मागून वाढायला आलेली भाभी म्हणाली, “इतक्यात नाही जायचे. मीच त्यांना सुट्टी वाढवायला लावलीय.”

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे. मी खाली मान घालून ताटात बघत राहिलो.