दोन्ही खिशांतले बटाटे

डॅन्यूबकाठच्या रुसे शहरात नेवेना रशकोवा दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहून पोट भरायची. दंतवैद्य, म्हाताऱ्या नट्या, वाईनचे कारखानदार, सगळ्यांच्या वतीनं तिनं 'मी' लिहिलं. पुस्तकावर तिचं नाव नसे, आणि त्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही हा तिचा धर्म होता. बाई तशी तिखट. 'माझं आयुष्य म्हणजे कादंबरीच' असं म्हणणाऱ्याला ती आधी कॉफी पाजायची आणि मग विचारायची, कितव्या पानापासून?

कॅप्टन स्तामेन दोचेव मालवाहू बोटींवरून निवृत्त झालेला. त्याच्याकडे पूर होते, धुकं होतं, बर्फात अडकलेल्या बोटी होत्या. वडिलांचं मात्र काही नव्हतं. बाप म्हणजे पट्टा, एवढंच तो बोलला. प्रकाशकाला तर बालपणाचं प्रकरण हवंच होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

असं अडलं की नेवेना पदरचं थोडं घालायची, एखादा पाऊस, एखादी शिट्टी. या वेळी तिनं आपला बापच दिला. आस्पारुख गोदीत वेल्डर होता. ती लहान असतानाच नदीनं त्याला नेलं, देहही सापडला नाही. आई वाट बघत राहिली, म्हणून त्याचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला नाही, त्याच्या नावानं कुणी घास वाटला नाही. नेवेनाला त्याची एकच आठवण होती. थंडीत शाळेला निघताना तो भट्टीतले दोन गरम बटाटे तिच्या कोटाच्या दोन्ही खिशांत घालायचा. रस्ताभर हात गरम, आणि शाळेत पोचल्यावर तीच न्याहारी. तिनं मुलीचा मुलगा केला, बाकी सगळं तसंच ठेवलं.

"हे मी सांगितलं तुला?" पान वाचून कॅप्टननं विचारलं.

"नाही. काढून टाकू?"

त्यानं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "राहू दे," म्हणाला. "असं झालं असतं तर बरं झालं असतं."

पुस्तक आलं. वाचनालयातल्या समारंभात कॅप्टननं नेमकं तेच पान वाचलं. पुढं तो ते लग्नांत सांगू लागला, खानावळीत सांगू लागला. दरवेळी बर्फ वाढायचा, बटाटेही मोठे व्हायचे. सांगू दे म्हाताऱ्याला, आपलं काय जातं, असं नेवेनाला वाटलं.

काय गेलं ते पुढच्या हिवाळ्यात कळलं. बहिणीच्या नातीला कोट चढवताना तिनं आपल्या बापाची गोष्ट सांगायला घेतली, तर पोर हसायला लागली. हे तर कॅप्टनच्या पुस्तकातलं, आमच्या बाईंनी वर्गात वाचून दाखवलंय, म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? त्यानंतर ती बापाचे हात आठवायला बसली की कॅप्टनचे जाडजूड हात दिसायचे. हे तिला फार लागलं.

कॅप्टन जानेवारीत गेला. चाळिसाव्या दिवशी कबरीपाशी माणसं जमली. उकडलेले गहू होते, पाव होता, वाईन होती, आणि त्याची मुलगी त्स्वेता घोंगडीत गुंडाळलेल्या पातेल्यातून भाजलेले बटाटे वाटत होती. घेणाऱ्यानं मृताचं नाव घेऊन देवाकडे क्षमा मागायची, अशी रीत. देव स्तामेनला क्षमा करो, देव स्तामेनला क्षमा करो, असं म्हणत रांग पुढं सरकत होती. नेवेनाच्या तळव्यावर बटाटा आला. तो गरम होता.

"देव आस्पारुखला क्षमा करो," ती म्हणाली.

मागची रांग थांबली. "बाबांचं नाव स्तामेन, मावशी," त्स्वेता म्हणाली.

"ठाऊक आहे गं. त्यांच्यासाठीही म्हणते. पण हा बटाटा आस्पारुखचा. माझ्या वडिलांचा."

जन्मभराचा धर्म मोडला होता. आता ही बाई बापाच्या कबरीवर तमाशा केला म्हणून आपल्याला हाकलेल, असं नेवेनाला वाटलं.

त्स्वेता तिच्याजवळ सरकली. "आजोबांच्या पट्ट्याचा मार मीसुद्धा खाल्लाय," ती हळू आवाजात म्हणाली. "ते पान मला कधी खरं वाटलंच नाही."

मग तिनं वाकून पातेल्यातून आणखी एक बटाटा काढला.

"एकच कसा नेता, मावशी? दुसरा हात गार राहील."