दुसऱ्याच्या शर्टातले बाबा

आमच्या घरात फोटोंना तोटा नव्हता. देवळाली कॅम्पच्या बाजारात बाबांचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे माझा पहिला दात, शाळेतला पहिला दिवस, नाक गळत असताना धरलेला हट्ट, सगळं काही अल्बममध्ये जाऊन बसलं. पण त्यातल्या एकाही फोटोत बाबा नव्हते. ते कायम कॅमेऱ्याच्या मागे. आई कधीतरी म्हणायची की एकदा माझ्या हातात द्या आणि उभे राहा तिकडे, पण कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. सवय झाल्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी शाळेत होते तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, बाबा निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि प्रिंटवर बारीक ब्रशने रिटचिंग करायचे. पुढे मी इंदिरानगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले आणि दुकानात कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर स्कॅनर आला आणि स्कॅनरच्या खोक्यात फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्रॅमची सीडी फुकट मिळाली. त्यात मोठी मोठी बटणं होती. एक दाबलं की फोटो उजळायचा, दुसरं दाबलं की चेहरा गुळगुळीत व्हायचा, तिसरं दाबलं की भोवती बदामांची महिरप यायची. कॅम्पातल्या नव्या जोडप्यांना ती महिरप इतकी आवडली की बदाम पाहून माझं डोकं फिरायला लागलं.

मला हवा होता तो क्लासमध्ये शिकवायचे तो प्रोग्रॅम, मोठे स्टुडिओवाले वापरतात तो. त्याची किंमत ऐकून बाबांनी विचारलं, "ह्यात दुकान पण येतं का?" आणि विषय संपवला. तो प्रोग्रॅम चोरट्या सीडीवर चहाच्या पैशात मिळायचा आणि निम्मं गाव तसाच वापरत होतं. मी तेही सुचवून पाहिलं. बाबांनी एक फोटो उलटा करून मागचा शिक्का दाखवला. 'या फोटोच्या जादा प्रती आमच्याकडेच मिळतील.' दुसऱ्याने आपली कॉपी करू नये असा शिक्का मारायचा आणि आपण मात्र कॉपी वापरायची, हे त्यांना पटत नव्हतं. मलाही खरं तर पटत नव्हतं, पण कबूल कोण करणार. शेवटी क्लासच्या सरांनी कंपनीचीच एक सीडी दिली. तिच्यावर तो प्रोग्रॅम महिनाभर फुकट चालायचा, मग विकत घ्या नाहीतर विसरा.

त्याच महिन्यात ती आली. कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये राहणारी, निफाडकडच्या एका खेड्यातली, माझ्याच वयाची. कडेवर तीन-चार महिन्यांची मुलगी. नवरा तोफखान्यात होता आणि मुलगी व्हायच्या आधीच त्याची बदली सीमेवर झाली होती. मुलीचे फोटो तिने पाठवले होते, पण त्याचं समाधान होत नव्हतं. फोनवर तो एकच विचारायचा, केवढी झाली, माझ्या एका हातात मावेल का. आता हे कसं सांगणार? त्याच्या युनिटमधला एक जण सुट्टीवर आला होता आणि आठवडाभरात परत निघणार होता. त्याच्याबरोबर तिला असा फोटो द्यायचा होता, ज्यात नवऱ्याने मुलीला घेतलेलं आहे.

"त्यांनी हिला अजून घेतलीच नाय, ताई," ती म्हणाली. "निदान घेतल्यावर कशी दिसंल, ते तरी बघू द्या त्यांना."

तिच्याकडे नवऱ्याचे दोनच धड फोटो होते. एकात तो गणवेशात, सावधान उभा आणि टोपीची सावली डोळ्यांवर. दुसरा लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. लग्नातला चेहरा छान हसरा होता, म्हणून मी तो घेतला. पण हातांचं काय? बाळ धरलेले हात कुठल्याच फोटोत नव्हते. मी बाबांकडे पाहिलं. उंची साधारण तेवढीच, रंगही तसाच. तिनेही पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरून नवऱ्याचा निळ्या चौकडीचा शर्ट इस्त्री करून घेऊन आली. बाबा कुरकुरले. असले खोटे फोटो आपण काढत नाही म्हणाले. आयुष्यभर लोकांचे देवीचे व्रण पुसणाऱ्या माणसाने हे म्हणावं याची मला गंमत वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. शर्ट पोटावर बसेना. कशीबशी बटणं लावून ते पडद्यासमोर उभे राहिले, तिने मुलगी त्यांच्या हातात दिली आणि नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर मी फोटो काढला. मी फक्त हात नीट आलेत का ते पाहिलं. मान तर कापायचीच होती.

आधी बाबांच्या हट्टाखातर स्कॅनरबरोबर आलेल्या बदामवाल्या प्रोग्रॅमवर करून पाहिलं. मुलीने मूठ वर करून बाबांच्या हनुवटीला लावली होती. तिथे जवानाचा चेहरा चिकटवला की मूठ झाकली जायची आणि मूठ मोकळी करायला गेलं की त्याची हनुवटी जायची. त्यातून एकदा सेव्ह केलं की खालचं सगळं कायमचं पुसलेलं. दोन दिवस मी बोटं मोडत बसले. मग महिनाभराचा पाहुणा तो प्रोग्रॅम उघडला. त्यात प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर ठेवता येत होती, काचेवर काच ठेवावी तशी. सगळ्यात खाली बाबांचा मूळ फोटो. त्यावर कमी केलेलं पोट, त्यावर मुंडावळ्या काढलेला जवानाचा चेहरा आणि सगळ्यात वर ती मूठ. प्रिंट निघाली तेव्हा बाबांनी ती भिंगाखाली धरली आणि जोड शोधला. सापडला नाही. "बरंय," एवढंच म्हणाले. ती मात्र फोटो बघून तिथेच स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

महिना संपला, प्रोग्रॅम बंद पडला. कॅमेऱ्याचं कार्ड बाबांनी कुठल्याशा साखरपुड्यासाठी कोरं करून घेतलं. माझ्याकडे उरली ती त्या थरांची फाइल, जी बदामवाल्या प्रोग्रॅममध्ये उघडतच नव्हती. मी विकत घेण्याचा विषय पुन्हा काढला. बाबा म्हणाले, असं काम वर्षातून एखादं येतं, बाकी सगळं बदामांवर चालतंय. ते खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला.

दीडेक वर्षाने ती नवऱ्याला घेऊन आली. तो सुट्टीवर आला होता आणि खरा फोटो काढायचा होता. मुलगी आता चालत होती. घरी ती फोटोतल्या बापाचे रोज मुके घ्यायची म्हणे, पण हा उंच माणूस उचलायला गेला की आईच्या साडीत तोंड खुपसायची. स्टुडिओत त्याने तिला घेतलं तसं तिने भोकाड पसरलं. बाबांनी खुळखुळा वाजवला, मांजराचा आवाज काढला, शेवटी हात टेकले आणि थोड्या वेळाने या म्हणाले.

"रडती तर रडू द्या, काका," तो म्हणाला. "काढा तसाच."

बाबांनी काढला. मग त्याने पाकिटातून जुना फोटो काढला. कोपरे झिजले होते. बाबांच्या हातांकडे बघून त्याने विचारलं, "हेच ना ते?"

बाबा ओशाळले. हात मागे घेतले.

"फोटो आला तेव्हा मी पहिलं हातच बघितले," तो म्हणाला. "माझे नव्हं ते लगेच कळलं, माझ्या मनगटावर भाजल्याचा डाग हाय. पण पोरीच्या मानेखाली हात होता. म्हणलं, कुणी का आसंना, नीट धरलीय. लय बरं वाटलं, काका. मला तुमचा एक फोटो पायजे. मोठी झाली की सांगीन तिला, फोटोत तुला धरलेले काका हे."

आता फोटोच्या दुकानात फोटो मागितला तर काय अवघड आहे? पण आम्ही बापलेक एकमेकांकडे बघत राहिलो. बाबांचा फोटो नव्हताच. दुकानात नाही, घरातही नाही. होता तो लग्नातला, ओळखू न येणारा. मग मी तिथल्या तिथे एक काढला. दुसऱ्यांना 'मोकळे उभे राहा' असं जन्मभर सांगणारे बाबा पडद्यासमोर असे ताठ उभे राहिले, जणू कुणीतरी त्यांना पकडून आणलंय. हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. तो भला माणूस चांगला आलाय म्हणाला. मी त्याला तो दिला नाही. पत्ता लिहून घेतला आणि पाठवते म्हणाले.

लग्नांचे अल्बम जुळवून मी थोडे पैसे बाजूला ठेवले होते. त्यात मी तो प्रोग्रॅम घेतला, बिल करून, खोक्यासकट. धंदा वाढेल, काम सफाईदार होईल, गिऱ्हाईक नाशिकहून इकडे येईल, अशी जी कारणं मी दोन वर्षं बाबांना सांगत होते, त्यातलं एकही तेव्हा माझ्या मनात नव्हतं. "एका फोटोसाठी?" बाबांनी विचारलं. मी हो म्हणाले.

फाइल उघडली. प्रत्येक थराच्या शेजारी एक लहानसा डोळा असतो. त्यावर क्लिक केलं की तो थर दिसेनासा होतो. मी आधी मूठ घालवली, मग जवानाचा चेहरा, मग बारीक केलेलं पोट. राहिला सगळ्यात खालचा थर, ज्याच्यापुढे कुलूप असतं. तिथे बाबा होते. बटणं तटतटलेल्या, दुसऱ्याच्या शर्टातले. ते कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. मान वाकडी करून, ओठांचा चंबू करून त्या परक्या मुलीशी काहीतरी बोलत होते. डावा हात तिच्या मानेखाली, उजवा पाठीशी. तेव्हा तो चेहरा मला फक्त झाकायचा होता, नीट बघितलाच नव्हता. असा त्यांचा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. पाहिला असणारच, पण आठवण्याच्या वयाची नव्हते मी तेव्हा. मी खुर्चीवर बसून रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दोन प्रती काढल्या. एक बाबांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने भिंग घेतलं.

"बटण ताणलंय," ते म्हणाले. "पोट कमी करता येतं ना तुझ्या त्या ह्याच्यात?"

येतं, मी म्हणाले, पण करणार नाही. ब्रशाच्या डबीकडे त्यांचा हात गेला होता, तो परत आला. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं.

"तुला पण अशीच धरायचो," ते म्हणाले. "तेवढा एक काढायचा राहिला."

मी दुसरी प्रत पाकिटात घातली आणि त्यावर पत्ता लिहायला घेतला.