पार्बताबाईची चूल आणि दवाखाना पट्टी

मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका गावात गावकारभार पाहणाऱ्या कमेटीनं दवाखाना पट्टी बसवली. पट्टी दर चुलीमागे, आणि ती भरणाऱ्यालाच कमेटीच्या दवाखान्यात औषध. रेल्वेवाल्यांना तेवढी माफी, कारण त्यांना रेल्वेचा दवाखाना फुकट. सगळं गाव चिडलं, पण पार्बताबाई मान ताठ करून फिरली. तिचा मुलगा पंजाबराव रेल्वेत रूळ बदलणारा पॉईंट्समन होता ना!

मग तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. डावा आधीच गेलेला.

रेल्वेच्या डॉक्टरानं विचारलं, स्वयंपाक एकत्र की वेगळा? बाईनं ठसक्यात सांगितलं, वेगळा. सून मैना भाजीला तिखट नुसतं दाखवते, म्हणून परसात आपली चूल मांडलीय. डॉक्टर म्हणाला, मग तुम्ही मुलावर अवलंबून नाही. इथं फुकट उपचार नाही. घरी येऊन तिनं मुकाट चूल विझवली, तर कळलं की एकदा रेल्वेच्या वहीत वेगळं लिहिलेलं माणूस वर्षभर वेगळंच. तोवर मोतीबिंदूनं दम धरावा, अशी साहेबांची इच्छा असावी.

ती कमेटीत गेली. कारकून शेषरावानं पान चघळत समजावलं, की रेल्वेवाल्याच्या छपराखालची चूल माफ, आणि माफ चुलीला औषध नाही.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माही चूल कोठं पेटते हे पाहून डोळा पिकते काय रे?"

शेषरावाला हसू आलं. तीच त्याची चूक.

दुसऱ्या सकाळी मैनेनं मातीची चूल डोक्यावर घेतली, एका हातानं सासूला धरलं, आणि दोघी कमेटीच्या ओसरीत आल्या. मैना पहिल्यांदाच सासूच्या बाजूनं होती. पार्बताबाईनं चाचपडत कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवल्या. धूर थेट शेषरावाच्या खोलीत शिरला. तो डोळे चोळत बाहेर आला.

"मावशी, चूल उचला. हे कमेटीचं घर आहे."

"मंग लिव तसंच. हे चूल तुह्या छपराखाली हाये, रेल्वेच्या नाई. लाव पट्टी."

"माफी असताना पट्टी कोण मागतं, मावशी?"

"तुह्या माफीनं मले आंधळं केलं. आग लागो तिले."

तिनं तव्यावर भाकर टाकली आणि मैनेला मिरच्या भाजायला सांगितल्या. ठसका लागून आतल्या दवाखान्यातला कमेटीचा डॉक्टरही बाहेर आला. दुपारपर्यंत चुलीला पट्टी लागली, डोळा तपासला गेला, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी पदराला बांधल्यावरच तिनं चुलीवर पाणी ओतलं.